अंधाऱ्या घरातले उजळ पान

शहापूर/मुरबाड, प्रतिनिधी

कमी उजेडात वाचू नकोस, डोळे जातील, ही ताकीद मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे. ज्यांचे बालपण कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसण्यात गेले त्यांनी ती ऐकली आणि पुढे आपल्या मुलांनाही ऐकवली. या ताकिदीमागे एक गोष्ट गृहीत होती. पुस्तक स्वतः उजेड देत नाही, तो बाहेरून आणावा लागतो. मोबाइल आणि टॅबलेटवर पुस्तके वाचली जाऊ लागली आणि हे गृहीतकच कोलमडले. दिवा गेला तरी पान दिसते. इतकेच नव्हे, तर पानाच्या उजेडात वाचणाऱ्याचा चेहराही दिसतो. अशा वेळी जुनी ताकीद कितपत लागू पडते, हा प्रश्न शहरातील सदनिकेत फावल्या वेळचा असू शकतो, कारण तेथे दिवा एका बटणाच्या अंतरावर असतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पाड्यांत तसे नेहमीच असते असे नाही.

तानसा आणि भातसा या शहापूर तालुक्यातील धरणांचे पाणी मुंबई पिते. भातशाच्या पायथ्याशी १५ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्रही आहे. तरीही २००० नंतरच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या दीर्घ भारनियमनातून हा परिसर सुटला नव्हता. मुलांच्या परीक्षा आणि विजेचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नसे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'सौभाग्य' योजनेनंतर घरोघरी जोडण्या पोहोचल्या. परंतु जोडणी असणे आणि दिवा लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. पावसाळ्यात तारेवर झाड पडले की दिवा गेला, आणि दिवा असला तरी तो बहुधा खोलीच्या मधोमध टांगलेला एकच, मागच्या बाजूला चूल, पुढे ओटी. अभ्यासाची जागा यांच्या मध्ये कोठेतरी.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. पाठ्यपुस्तके, स्वाध्याय आणि शिक्षकांच्या सूचना मोबाइलवर येऊ लागल्या. मोबाइल मात्र घरात एक, आणि तोही कामावर जाणाऱ्याच्या खिशात. तो परतल्यावर, म्हणजे रात्रीच, फोन मुलांच्या हाती येई. ग्रामीण महाराष्ट्रात असंख्य घरांतील हेच चित्र होते. पडद्यावरचे वाचन अंधारात होऊ लागले ते हौसेने नव्हे.

या दोन तालुक्यांत वाचणाऱ्या डोळ्यांचे वयही एक नाही. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची शाळा, शिक्षक संदीप गुंड यांच्या प्रयत्नांमुळे, राज्यातील पहिल्या डिजिटल शाळांत गणली गेली. पाड्यावरच्या मुलांच्या हाती तेथे पाटीऐवजी टॅबलेट आला. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना, आणि तिला मोतीराम दलाल धर्मादाय संस्थेचा आधार. गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून साठी ते नव्वदीतल्या आजी तेथे अक्षरे गिरवू लागल्या. शाळेची वेळ दुपारी दोन ते चार. घरकाम आटोपल्यावरची ही वेळ दिवसाच्या भरपूर उजेडाचीही आहे, हा योग चांगलाच म्हटला पाहिजे. आजींच्या पाट्या साध्याच आहेत. पण ज्या घरात आजी नव्याने वाचायला शिकते त्याच घरात नातवाच्या हातात फोन असतो, आणि एकच पडदा दोघांच्या डोळ्यांना अगदी निराळा वागवतो.

उजेडाचे गणित

वस्तूवर किती प्रकाश पडतो ते 'लक्स' या एककात मोजतात. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटर अंतरावर सुमारे एक लक्स असतो. मेणबत्ती अर्ध्या मीटरवर आणली की तो चौपट, म्हणजे चार लक्स होतो. वर्गखोलीत साधारण ३०० लक्स असावेत, असे मानले जाते. ढगाळ दिवशीसुद्धा अंगणात हजारो लक्स असतात आणि भर उन्हात ते एक लाखाच्या घरात जातात. डोळा हे सारे सांभाळून घेतो, म्हणून आपल्याला हा प्रचंड फरक जाणवत नाही.

कागद यातील काही प्रकाश परत फेकतो. पांढऱ्या कागदावर ३०० लक्स पडले, तर त्या पानाची उजळता सुमारे ७५ 'निट' भरते. निट हे पृष्ठभागाच्या उजळतेचे एकक. तोच कागद अर्ध्या मीटरवरच्या मेणबत्तीजवळ धरला, तर उजळता जेमतेम एक निट. आता मोबाइलचा विचार करू. त्याच्या काचेमागे किंवा खुद्द तिच्या कणाकणांत प्रकाशाचा उगम असतो. सर्वांत मंद ठेवला तर दोन-चार निट, पूर्ण वाढवला तर चारशे-पाचशे आणि नव्या फोनमध्ये त्याहूनही अधिक. अंधाऱ्या खोलीत मध्यम उजळतेचा, समजा शंभर निटचा, फोन हाती घेणारा मुलगा मेणबत्तीच्या उजेडातल्या पानापेक्षा शंभरपट उजळ पान वाचत असतो.

येथे जुनी ताकीद उलटी होते. मेणबत्तीजवळ वाचणाऱ्याची अडचण पान अपुरे उजळ असण्याची होती. एवढ्या कमी प्रकाशात दृष्टीची तीक्ष्णता घटते, डोळ्याची बाहुली विस्फारते, अक्षरांच्या कडा विरघळू लागतात आणि वाचणारा पुस्तक नाकाशी नेतो. फोन वाचणाऱ्याला अक्षर स्वच्छ दिसते. त्याची अडचण पानाच्या बाहेर आहे. हातभर चौकटीत दिवस आणि चौकटीबाहेर रात्र, अशा दोन जगांत डोळ्याला एकाच वेळी जुळवून घ्यावे लागते. नजर पडद्यावरून उचलली की काही दिसत नाही, पुन्हा पडद्यावर आली की तो डोळ्यांत घुसतो.

थकवा आणि इजा

या सगळ्याने डोळे कायमचे बिघडतात का? मंद उजेडात वाचल्याने दृष्टीला कायमची इजा होते, या समजुतीचा समाचार 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने डिसेंबर २००७ मध्ये वैद्यकीय गैरसमजांवरील एका लेखात घेतला होता. डोळे शिणतात, कोरडे पडतात, डोके दुखते. विश्रांतीनंतर ते पूर्ववत होतात, असे त्यातील सार. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने दृष्टिपटल जळते, या लोकप्रिय भीतीलाही आधार सापडलेला नाही. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची अकादमी निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांची शिफारस करीत नाही, आणि २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा जो आढावा घेतला त्यातही अशा भिंगांमुळे डोळ्यांचा शीण अल्पकाळात कमी होतो असे आढळले नाही. चष्म्याच्या दुकानात या भिंगांसाठी जादा पैसे मोजणाऱ्यांनी हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मग शीण कशाचा? प्रकाशाइतकाच तो अंतराचा आणि पापण्यांचा असतो. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा होणारी पापण्यांची उघडझाप पडद्याकडे एकटक पाहताना निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. अश्रूंचा थर वाळतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते. चुलीचा धूर घरात असेल तर हे दुणावते. पुस्तक साधारण चाळीस सेंटिमीटरवर धरले जाते आणि तेथे नजर स्थिर करण्यासाठी डोळ्याला अडीच डायॉप्टरचा जोर लावावा लागतो. फोन पंचवीस सेंटिमीटरवर आला की हा जोर चार डायॉप्टर होतो. लहान मूल तर तो त्याहून जवळ धरते, कारण त्याचे नेत्रभिंग लवचिक असल्याने त्याला लगेच त्रास होत नाही.

दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहा, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. अंधाऱ्या घरात तो अर्धाच उपयोगी पडतो. लांब पाहायचे तर तेथे काही दिसायला हवे. पूर्ण काळोखात डोळ्याचा रोख दूर जात नाही. तो मध्येच, साधारण हाता-दोन हातांवर, थबकतो. म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकाला एखादा मिणमिणता दिवा, अगदी सौर कंदील जरी असला, तरी त्याचा उपयोग दुहेरी आहे. पडद्याभोवतीचा काळोख सौम्य होतो आणि नजरेला टेकायला जागा मिळते.

अनुस्वाराचा ठिपका

या विषयावर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले असले तरी ते रोमन अक्षरांच्या हिशेबाने. देवनागरीचा हिशेब निराळा आहे. आपल्या लिपीत अर्थ पुष्कळदा अक्षराच्या गाभ्यात नसून त्याच्या वर-खाली लटकलेल्या बारीक चिन्हांत असतो. 'भाडे' आणि 'भांडे', 'कप' आणि 'कंप' यांतला फरक एका ठिपक्याचा. रफार, रुकार, ऱ्हस्व-दीर्घ उकार आणि जोडाक्षरांतील अर्धी अक्षरे यांचीही तीच गत. अक्षर बारीक झाले किंवा काळ्या-पांढऱ्यातील तफावत कमी झाली की सर्वांत आधी हीच चिन्हे गळतात. मुरलेला वाचक संदर्भावरून ती भरून काढतो. तिसरीतला विद्यार्थी किंवा नुकती बाराखडी संपवलेली आजी ती भरून काढू शकत नाही.

म्हणूनच उजेडापेक्षा मोठा दोष कोणाचा, असे विचारले तर बोट 'पीडीएफ' या प्रकाराकडे दाखवावे लागते. बालभारतीची पाठ्यपुस्तके या स्वरूपात विनामूल्य मिळतात. ठाण्यातील ई-साहित्य प्रतिष्ठानने असंख्य मराठी पुस्तके याच मार्गाने वाचकांपर्यंत विनामूल्य पोहोचवली आहेत. दोन्ही कामे मोलाची आहेत. पण पीडीएफ म्हणजे छापील पानाचे छायाचित्रच जणू. एकवीस सेंटिमीटर रुंदीचे ए-फोर पान सात सेंटिमीटर रुंदीच्या फोनवर आले की सगळे एक तृतीयांश होते. चौदा पॉइंटचे अक्षर पाच पॉइंटांच्याही खाली जाते. मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर पळते आणि वाचक प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवत बसतो. अक्षरे मोठी केल्यावर ओळी आपोआप नव्याने जुळवून घेणारे 'ईपब'सारखे प्रकार अनेक वर्षांपासून उपलब्ध आहेत. किंडलवरही डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तके मिळू लागली, त्यांत अक्षराचा आकार वाचक ठरवतो. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत मुलांना ही सोय का असू नये, हा प्रश्न डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारण्याचा नाही, प्रकाशकांना विचारण्याचा आहे.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे, हा 'डार्क मोड' अंधारात सुखावह वाटतो, कारण एकंदर उजेड घटतो. मात्र त्याच्यामुळे बाहुली मोठी होते, आणि ज्यांना दृष्टिवैषम्याचा दोष आहे त्यांना पांढऱ्या अक्षरांभोवती फिकट वलय दिसते. शिरोरेषा जाड भासते, अनुस्वार तिच्यात मिसळतो. लांब मजकुरासाठी पांढऱ्या पानाची उजळता कमी करणे पुष्कळांना अधिक मानवते. काही पडदे मंद करताना प्रत्यक्षात अतिवेगाने लुकलुकत राहतात आणि काहींचे डोके त्याने दुखते. तसे होत असल्यास पडदा थोडा उजळ ठेवून खोलीत दिवा लावणे बरे.

झोपेचा प्रश्न

इजेची भीती निराधार असली तरी झोपेची तक्रार तशी नाही. आपल्या दृष्टिपटलात पाहण्याच्या कामाच्या नसलेल्या, पण दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवणाऱ्या पेशी असतात. २००२ च्या सुमारास त्यांची खात्री पटली. निळसर प्रकाशाने त्या अधिक उत्तेजित होतात आणि मेलॅटोनिन या निद्रेच्या संप्रेरकाला थोपवतात. अमेरिकेत बॉस्टन येथे झालेला आणि डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत नेहमी सांगितला जातो. बारा जणांना पाच रात्री झोपण्यापूर्वी चार तास मंद उजेडाच्या खोलीत आयपॅडवर आणि अन्य पाच रात्री छापील पुस्तकातून वाचायला दिले. आयपॅडच्या दिवसांत मेलॅटोनिन सुमारे ५५ टक्क्यांनी घटले, शरीराचे घड्याळ दीड तास मागे पडले. झोप लागण्यास मात्र सुमारे दहा मिनिटेच अधिक लागली. ही शेवटची गोष्ट सांगायची बहुधा राहून जाते.

त्याहून कमी सांगितला जातो तो स्वीडनमधील उप्साला येथील २०१६ चा प्रयोग. तेथे सहभागी झालेल्यांना आधी दिवसा साडेसहा तास भरपूर उजेडात ठेवले आणि मग संध्याकाळी दोन तास टॅबलेटवर वाचायला लावले. छापील पुस्तक आणि टॅबलेट यांत मेलॅटोनिनच्या बाबतीत फरक आढळला नाही. दिवसा उजेड भरपूर मिळालेल्या शरीराला संध्याकाळचा थोडा उजेड चकवू शकत नाही, असा याचा अर्थ. हा 'भरपूर उजेड' सहाशे लक्सच्याही आत होता. शेतावर, रानात किंवा शाळेच्या मैदानात दिवस काढलेल्या मुलाला याच्या कित्येक पट उजेड फुकट मिळतो.

या हिशेबाने खरी काळजी कोणी करायची? पहाटे आसनगाव किंवा कसाऱ्याहून लोकल पकडणारा, दिवसभर मुंबईतील कचेरीत ट्यूबलाइटखाली बसणारा आणि रात्री परतीच्या प्रवासात, मग अंथरुणातही फोनवर कादंबरी वाचणारा नोकरदार या धोक्याच्या अधिक जवळ आहे. त्याच्याच गावातला, दिवसभर उन्हात असलेला शाळकरी मुलगा तितका नाही. शहरी वाचकांसाठी लिहिलेला सल्ला जसाच्या तसा पाड्यावर नेला की तो चुकीच्या माणसाला धाक घालतो.

लघुदृष्टीच्या बाबतीतही दिवसाचा उजेड मुलांच्या बाजूने आहे. सतत जवळचे वाचन करणाऱ्या मुलांत चष्म्याचा नंबर वाढतो, आणि रोज बाहेर खेळणाऱ्यांत त्याचे प्रमाण कमी असते, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसले आहे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे घराबाहेर काढण्याचा कार्यक्रमच हाती घेतला. शहापूर-मुरबाडच्या मुलांना त्यासाठी कार्यक्रमाची गरज नाही. गरज आहे ती फोन आल्यावर हे बाहेरचे तास न गमावण्याची.

आजींचा डोळा

चाळिशी हा शब्द मराठीत वयालाही लागतो आणि चष्म्यालाही, यातच सारे आले. चाळिशीनंतर भिंगाची लवचिकता घटते आणि जवळचे अक्षर दिसेनासे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जवळचे दिसत नाही आणि योग्य चष्माही नाही अशी माणसे जगात ८२ कोटी ६० लाख आहेत. त्यात भर अशी की साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली आकुंचित होते आणि भिंग पिवळसर पडते. ज्या उजेडात नातवाला स्पष्ट दिसते तो उजेड आजीसाठी अंधारच असतो. तेव्हा पडद्याचा स्वतःचा प्रकाश आणि हवे तेवढे मोठे होणारे अक्षर ही म्हाताऱ्या डोळ्याला मिळालेली मोठी सवलत आहे; शिणाच्या भीतीने ती नाकारू नये. अपवाद मोतीबिंदूचा. धूसर झालेल्या भिंगात उजळ पडद्याचा प्रकाश विखुरतो आणि पान चकाकू लागते. तेथे काळ्यावर पांढरी अक्षरे अनेकदा सोयीची पडतात, आणि त्याआधी डोळ्यांची तपासणी.

उजळ पडद्याला पर्यायही शोधले गेले. शेजारच्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैराट या वस्तीत २००७ मध्ये 'एक मूल, एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपच्या पडद्यामागचा दिवा बंद करून तो उन्हात कागदासारखा कृष्णधवल वाचता येई, आणि रात्री दिवा लावता येई. प्रकल्पाचे प्रवर्तक निकोलस नेग्रोपॉण्टी कंबोडियातील एका खेड्याचा अनुभव सांगत. मुलांनी घरी नेलेले लॅपटॉप पालकांना आवडले, कारण घरातील सर्वांत प्रखर दिवा तोच होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या पहिल्या किंडलचा पडदा शाईचा, कागदाप्रमाणे बाहेरच्या उजेडावर अवलंबून असलेला. डोळ्यांना तो सुखकर खरा, पण दिवे गेल्यावर निरुपयोगी. त्याच्या कडेने मंद प्रकाश सोडण्याची सोय २०१२ मध्ये आली. ही यंत्रे आजही पाड्यावरच्या घराला परवडणारी नाहीत. तेथे वाचनाचे साधन आहे तो कोणाचा तरी जुना स्मार्टफोन.

त्याची उजळता किती ठेवावी, याची एक सोपी कसोटी आहे. पडद्यावर पांढरे पान उघडावे आणि शेजारी वहीचा कागद धरावा. पडदा दिव्यासारखा झळकत असेल तर तो कमी करावा, करडा दिसत असेल तर वाढवावा. खोलीत काहीच उजेड नसेल तर अक्षर न ताणता वाचता येईल तेथपर्यंत खाली आणावा, आणि अक्षर मात्र मोठे करावे. फोन मांडीवर न ठेवता उशीला किंवा डब्याला टेकवून हातभर दूर उभा केला, तर अंतर आपोआप राखले जाते. पडदा मंद केल्याचा आणखी एक फायदा होतो. फोनच्या बॅटरीचा मोठा वाटा पडदाच खातो, त्यामुळे ती अधिक टिकते. वीज कधी परत येईल याचा भरवसा नसलेल्या रात्री एवढ्याने आणखी एक धडा वाचून होतो.